अब्बांचे रोजे आणि शेजारची भजी

रमजानच्या आधी डॉक्टरांनी अब्बांना स्पष्ट सांगितलं होतं, "रोजे ठेवा, पण खाणं सांभाळा. साखर वरखाली झाली तर मी बंद करायला लावीन." मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली, तरी अब्बांनी एकही रोजा चुकवला नव्हता. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, काळजी नको, स्वयंपाकघर माझ्याकडे द्या.

स्वयंपाकघर मिळालं. घराचा दरवाजा कुठे मिळाला होता?

पहाटे सहेरीला ज्वारीची भाकरी, दही, मुगाची उसळ. इफ्तारला खजूर, उकडलेले हरभरे, काकडी, थोडं कलिंगड. तळण बंद. अम्मी म्हणाली, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय." मी लक्ष दिलं नाही. पण वारज्यातल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळच्या अजानच्या आधी बेल वाजायची. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण खालांकडून कांदाभजी, मागच्या इमारतीतून समोसे, कुणाकडून लाल सरबत. आलेलं ताट नाकारायचं नाही आणि रिकामं परत पाठवायचं नाही, हा रिवाज. म्हणून अम्मीही माझ्या पाठीमागे भजी तळायला लागली. ताटं भरून उरलेली भजी अब्बांच्याच समोर यायची.

त्यात समोरच्या काकू. अम्मीने त्यांना फिरनी पाठवली, तर डबा साबुदाण्याच्या खिचडीने भरून परत आला. मी दारातच म्हटलं, "काकू, अब्बांना डायबेटिस आहे हो."

"अगं, उपवासाचंच आहे. वडिलांना दिवसभर पाण्याशिवाय ठेवतेस आणि पथ्य मला शिकवतेस?" काकू म्हणाल्या आणि आपलं दार लावून घेतलं.

अब्बांनी ती खिचडी मिटक्या मारत खाल्ली. मी कपाळाला हात लावला.

"कुणी प्रेमाने दिलंय. एका भज्याने काय होतंय?" हे त्यांचं रोजचं.

"एक वरचं, एक मागचं, एक अम्मीचं. आयुष्यभर शाळेत गणित तुम्हीच शिकवलंत ना?"

जेवणानंतर साखर मोजली की आकडा चढलेला. मी चिडचिड करायचे आणि अब्बा यंत्र पुसून पेटीत ठेवायचे.

मग एकदा दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर अब्बा भिंत धरून उभे दिसले. घामाने डबडबलेले. मोजली तर साखर पार खाली गेलेली. मला कळेना, पहाटे तर मी ताट वाढूनच संध्याकाळचे हरभरे भिजत घालायला गेले होते! तेव्हा अम्मी रडत म्हणाली, "भाकरी माझ्या ताटात सरकवतात. नुसतं पाणी पिऊन रोजा धरतात. आकडा उतरला नाही तर डॉक्टर रोजे काढून घेतील म्हणतात."

म्हणजे भजी चालतात, भाकरी चालत नाही! संताप संताप झाला माझा.

"अब्बा, रोजा सोडा."

"थोडंच राहिलंय. अजान होईलच."

"सोडा म्हणते ना!" मी ओरडले आणि साखरेच्या पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. ते प्यायले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी उरलेले रोजे बंद केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा जेवले, आतल्या खोलीत, दार लोटून. संध्याकाळी मात्र नेहमीसारखे आमच्यात येऊन बसले, अजानची वाट बघत. खालांचं ताट आलं, काकूंचा डबा आला. अब्बा दोन्ही माझ्याकडे सरकवून मी वाढलेले हरभरे, काकडी निमूटपणे खायला लागले. इतके दिवस याचसाठी तर मी घसा कोरडा करत होते. तरी माझ्याच्याने बघवेना.

"एक भजं तरी घ्या अब्बा," मीच म्हटलं.

"नको," अब्बा म्हणाले. "ते रोजेदारांसाठी पाठवलंय."