सिपनेच्या काठची जागा

सखारामजी गेल्याची तार राजापेठेतल्या माझ्या घरी आली तेव्हा मी दाढी करत होतो. तोंड पुसलं आणि मिळेल त्या गाडीने अकोला गाठलं, पण पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. त्यांची बायको, सुभद्रावहिनी, मला पाहून रडल्या नाहीत. "बसा, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मला मात्र मान वर करून त्यांच्याकडे बघवेना... त्या घरात आम्ही दोघांनी सहा वर्षांपूर्वी एक खोटं आणून ठेवलं होतं, आणि आता ते सांभाळायला मी एकटाच उरलो होतो.

सखारामजी आणि मी एकाच खात्यात कारकून होतो. त्यांची पहिली नोकरी मेळघाटात, सेमाडोहच्या सडकेवर मजुरांची हजेरी लिहायची. लग्न नवं, चंद्री नावाची अडीच वर्षांची पोर. तिथल्या हिवतापाने मायलेकींना एकदमच धरलं. चार दिवसांत चंद्री गेली. वहिनी बेशुद्ध होत्या, त्यांना कळलंही नाही. सखारामजींनी हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही कचेरीच्या पायरीवर बसून, दुसरीकडे बघत. "कॅम्पात चाळीस माणूस होतं, महादेवजी. महाराच्या पोरीले हात लावाले एकबी आला नाही. मीच कुदळ घेतली. सिपना नदीच्या काठी मोहाचं मोठं झाड होतं, त्याच्याखाली ठेवलं तिले, वर दगड रोवला." त्याच दिवशी वहिनींना बैलगाडीत घालून ते परतवाड्याला घेऊन आले. वहिनी वाचल्या. पुढे मूल झालं नाही. ती जागा त्यांनी कधी पाहिली नाही, आणि सखारामजी पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी घेतली. साऱ्या आळीला हसू आलं. पंचावन्न वर्षांचा किडकिडीत माणूस आणि खाली ते एवढं धूड! मीही हसलो. मग वहिनी म्हणाल्या, "माह्यानं तिच्यावर बसणं होत नाही. तुमी जा यांच्यासंगं, भाऊजी. पोरीची जागा पाहून या. दगड हाय का नाही, तेवढं पाहा." तेव्हा ती फटफटी कशाला घेतली ते मला कळलं.

दिवाळी होऊन गेली होती. अकोटच्या पुढे दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. अंजनगाव सुर्जीला आम्ही चहा घेतला, तिथल्या पानमळ्यातली ताजी विड्याची पानं खाल्ली. सखारामजी एवढे बोलत होते की मला नवल वाटलं. परतवाडा सोडून घाट लागला. वळणावळणाला साग, बांबू, खाली धुक्यातली दरी... असं देखणं रान मी तोवर पाहिलं नव्हतं. पण चढ जसजसा वाढला तसतसे ते गप्प होत गेले.

सेमाडोहला उतरून ते थेट नदीकडे चालू लागले. तासभर आम्ही घाणेरीच्या झुडपांत शिरून शिरून पाहत होतो. मोहाचं झाड काही दिसेना. शेवटी गुरांमागे आलेल्या एका म्हाताऱ्या कोरकूला विचारलं. तो म्हणाला, "वो मोहा? वो तो कब का बह गया, साहब. इधर का पूरा किनारा नदी खा गई."

सखारामजी पाण्याकडे बघत उभे राहिले. मग चपला काढून गुडघाभर पाण्यात शिरले आणि वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपू लागले. मी हाका मारल्या, त्यांना ऐकू गेल्या नाहीत. शेवटी मी आत जाऊन त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. परतीच्या पूर्ण वाटेवर ते एकच वाक्य बोलले, "तिले हे सांगाचं नाही."

अकोल्याला वहिनी दारातच उभ्या होत्या. "सापडली," सखारामजी म्हणाले. "दगड जसाच्या तसा हाय. सावली हाय." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

त्यानंतर ती फटफटी त्यांनी विकून टाकली. छातीचं दुखणं पुढे लागलं, पण ते नदीवरूनच मोडून आले होते असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात सखारामजींच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या नावाच्या बुद्धवंदनेला, गेलो. माणसं पांगल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. "भाऊजी, आता जागा तुमालेच माहीत हाय. मले एकदा नेऊन दाखवा."

ते खोटं आता पुढे रेटवेना. मग सगळं सांगितलं... झाड, किनारा, पाण्यात वाकलेले सखारामजी. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"मंग सहा वर्षं हे त्यायनं एकट्यानंच काढलं?" त्यांनी विचारलं. "मले काहून नाही सांगितलं? मी काय मरून गेली असती?"

 मग त्याच म्हणाल्या, "तरीबी जाऊ. झाड नसलं तर नसलं. पाणी तर हाय."

खुंटीला सखारामजींचा खाकी गरम कोट लटकत होता. वहिनींनी तो काढला. "तिकडं थंडी असंन," म्हणाल्या आणि लुगड्यावरून अंगात चढवला. बाह्या लांब झाल्या, हात पार आत गेले. वहिनी खाली बसल्या आणि एकेक बाही हळूहळू दुमडू लागल्या.