नळीला शोभेल अशी बंदूक

ऐंशीच्या दशकात मला एकदा चकमकीच्या जुन्या बंदुकीची नळी मिळाली. उभी धरली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब, मागे अष्टकोनी, पुढे गोल आणि आतून गुळगुळीत. जर्सी सिटीतल्या माझ्या अपार्टमेंटमध्ये तिला लाकडी दस्ता घडवून पूर्ण बंदूक करायला जागा नव्हती, म्हणून ती मी कॉलेजपासूनच्या मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवली. त्याने वेस्ट विंडसरला नवं घर घेतलं होतं.

बंदूक कुठल्या घडणीची करायची, यावर आम्ही अख्खा हिवाळा भांडलो. त्याला फ्रेंच पद्धतीचा जाड, बाकदार दस्ता हवा होता. मी म्हणायचो, एवढ्या लांब नळीला पाखरं मारायची सडपातळ इंग्लिश बंदूकच शोभते. शेवटी तो म्हणाला, "नळी तुझी, तू म्हणशील तसं." मी पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढून गॅरेजच्या भिंतीला लावलं आणि बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलो.

परत आलो तर नळी हातभर आखूड! कापलेलं तोंड त्याने कानशीने छान घासलंसुद्धा होतं.

"अरे, लिव्हिंग रूमच्या शोकेसमध्ये मावत नव्हती यार."

बंदूक माझी आणि शोकेस याचं! कापण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं? मी नळी भिंतीवरच्या ड्रॉइंगला लावून पाहिली.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रागावू नकोस रे. स्टाइल अजूनही तूच ठरव."