घडीताईंचे रविवार

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात लाँड्री होती आणि तिथे त्यांना सगळे घडीताई म्हणत. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की टोकाला टोक जुळवून तिची घडी घालायची, हे त्यांचं काम. त्यांच्या घडीत सुरकुती शोधायला भिंगच लागलं असतं. नऊ वर्षं झाली तरी त्या रोजंदारीवरच होत्या. कायम कामगार सोमवार ते शुक्रवार यायचे, शनिवार-रविवार रोजंदारीवाल्या बायकांच्या गळ्यात पडायचे. माणसं काही वार बघून आजारी पडत नाहीत. चादरींचा ढीग रोज तेवढाच.

घडीताईंना त्यात कधी काही खटकलं नव्हतं. नाकासमोर चालणारी बाई. पण एका रविवारी एक बाई आली नाही म्हणून रोलरवरच्या दादांना, म्हणजे कायम माणसाला, घरून बोलावून घेतलं. दोघांनी दिवसभर एकाच यंत्रापाशी घाम गाळला. डबा खाताना दादा खुशीत म्हणाले की आजच्या दीडपट मजुरीत नातीचे बूट होऊन जातील.

"दीडपट?" घडीताईंचा घास हातातच राहिला.

"सुट्टीच्या दिवसाची मिळतेच की. तुम्हाला नाही मिळत?"

दादांनी अगदी भाबडेपणाने विचारलं होतं, म्हणून ते जास्तच लागलं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवून निवृत्त झालेला. गुडघे बोलायला लागले होते, पण जिभेला अजून ब्रेक नव्हता. विचारायला काय जातं, असं तो म्हणाला. आणि काढून टाकलं तर, असं त्यांनी विचारल्यावर म्हणाला, "तर निदान एखाद्या रविवारी तू मला घरात दिसशील."

तीन दिवस धीर गोळा करून त्या मॅनेजरबाईंकडे गेल्या. दादा आपणहून बरोबर आले. रोजंदारीवरच्या बाकीच्या चौघी दाराबाहेर कान टवकारून उभ्या. मॅनेजरबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी कागद काढून दाखवला: शनिवार-रविवारचं काम तुम्ही स्वतःच मागून घेतलंय, खाली तुमची सही आहे.

घडीताई बोलल्या. "सही माझीच आहे बाई. तेव्हा दुसरा वार कुणी देऊच करत नव्हतं. मला दादांपेक्षा काकणभरही जास्त नको. पण त्या दिवशी आम्ही एकच चादर दोन बाजूंनी धरली होती."

मॅनेजरबाईंनी कागद परत फायलीत ठेवला. मग म्हणाल्या की वर विचारून सांगते.

दोन महिने काहीच हललं नाही. चौघींपैकी एकीने तर उगाच आमची नावं पुढे केलीत म्हणून अबोला धरला. घडीताईंनाही वाटायला लागलं की आपण भलतंच करून बसलो. आणि मग एका सकाळी नोटीस लागली: सुट्टीच्या दिवशी कामाला येईल त्या प्रत्येकाला दीडपट. अबोला धरणारीनेच ती मोठ्याने वाचून दाखवली.

पण आता मजुरी सारखीच झाल्यावर रविवारी फक्त रोजंदारीच्याच बायका कशाला, असा हिशेब वरच्यांनी केला आणि ड्यूट्या सगळ्यांना आळीपाळीने वाटल्या. घडीताईंच्या वाट्याला महिन्यात दोनच रविवार आले, गेलेल्या रविवारांच्या बदल्यात मधले वार. मिळकत वाढली ती थोडीशीच. चौघींतल्या सगळ्यात धाकटीची मात्र पंचाईत झाली, कारण तिच्या लेकरांना सांभाळायला सासू शनिवार-रविवारीच मोकळी असायची. घडीताईंनी आपला एक शनिवार तिच्या मंगळवाराशी बदलून घेतला. मॅनेजरबाईंनी त्याला हरकत घेतली नाही.

पहिल्या सुट्टीच्या रविवारी त्या सवयीने पहाटेच उठल्या, आंघोळ उरकली, वेणी घातली आणि मग जायचं कुठे ते कळेना. नवरा म्हणाला, चल बागेत. त्याच्या चालीने पोचायला अर्धा तास लागला. तळ्याकाठच्या बाकावर तीन म्हातारे बसले होते. ते याला बघताच सरकले. हा दर रविवारी इथे येतो, हे घडीताईंना ठाऊकच नव्हतं.

"ही माझी बायको," नवरा ऐटीत म्हणाला. "तुम्हाला थाप वाटत होती ना?"

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. एकाने कबूल केलं की हो, वाटत होती खरी. मग त्याने बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि घडीताई ऐसपैस बसल्या.