त्र्यंबकराव घरी नाहीत

शनिवार, चार ऑक्टोबर १९८६. दुपारचे चार. पिस्कॅटवेच्या घरात हजर : माझी थोरली बहीण सुमतीताई, तिची मुलगी मीनल आणि मी. गैरहजर : ताईचे यजमान, मधुकर भाऊजी. ते दोन तासांवर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, त्यांच्या क्लबच्या नदीवर ट्राउट पकडायला गेले होते.

फोन वाजला. ऑपरेटर बाईंनी विचारलं, "पर्सन-टु-पर्सन कॉल आहे. मिस्टर ट्रिंबॅक राव आहेत का?" मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "ते घरी नाहीत." मागून भाऊजींचं "ओके, थँक यू" ऐकू आलं आणि फोन बंद झाला. फ्रिजवरच्या यादीत मी खूण केली आणि ताईला ओरडून सांगितलं, "आले गं पाण्याबाहेर! आज मासाही मिळालाय." पाऊण तासानं पुन्हा फोन वाजला. या वेळी नदीचा राखणदार वॉल्टर होता. भाऊजी केबिनसमोरच्या बाकावर बूट काढायला बसले होते. तो आतून कॉफी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं...

त्र्यंबकराव हे भाऊजींचे आजोबा. रत्नागिरीला वारले त्याला चाळीस वर्षं झाली. दुसरे मोरेश्वरपंत, त्यांच्या आईकडचे आजोबा. भाऊजींनी फोनवर त्र्यंबकरावांना बोलावलं की मासा मिळाला, मोरेश्वरपंतांना बोलावलं की हात हलवत परत. दोघांपैकी कोणीही असो, माणूस सुखरूप वर आला एवढं कळायचं. मागितलेला माणूस घरी नसला की लाँग डिस्टन्स कॉलचे पैसे पडत नाहीत, ही युक्ती इकडे आपल्यापैकी कोणी वापरली नाही?

भाऊजींना नदीचा नाद लावला तो त्यांच्या लॅबमधल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं. नदीचा तेवढा पट्टा क्लबच्या मालकीचा. तिथले नियम कडक. रोज प्रत्येकाला एकच डोह नेमून द्यायचा. पाण्यात उतरताना आपल्या नंबराचा पितळी बिल्ला केबिनमधल्या फळ्यावर त्या डोहाच्या खिळ्याला लावायचा, वर आलं की परत आपल्या जागी. गळाला खरं आमिष नाही, पिसांची खोटी माशी. आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा. ताईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "कोकणात जन्मलेला माणूस मासा धरतो आणि सोडून देतो! मग जाता कशाला, त्याची विचारपूस करायला?" भाऊजी हसायचे. "तू एकदा चल, मग कळेल." "मला काय करायचंय त्या चिखलात!" हा संवाद मी किती शनिवारी ऐकला असेल...

दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला आणि ताईनं नदी बंद केली. डॉक्टरांची हरकत नव्हती, हिची होती. भाऊजी खिडकीशी बसून माश्या बांधायचे आणि डबीत ठेवून द्यायचे. मला ते बघवेना. शेवटी मी जेवणाच्या टेबलावर दोघांना बसवलं आणि अटी लिहून काढल्या. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. जिभेखालची गोळी गाडीत नाही, शर्टाच्या खिशात. बिल्ला न चुकता लावायचा. चारच्या आत वर यायचं आणि फोन करायचा. भाऊजींनी खाली सही ठोकली आणि यादी फ्रिजवर लावली. "मेव्हणीबाई, तुम्ही सरकारात हव्या होतात." ताई मात्र माझ्याकडे बघत होती. "नलू, तू जबाबदारी घेतेस?" मी म्हटलं, "घेते."

म्हणून त्या संध्याकाळी ताईनं पहिलं विचारलं ते हेच : "पाण्यात होते का गं?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "फोन तेवढा केला असेल. बाकी तुझं काय ऐकलं असणार त्यांनी..." ती रागानं बोलली नाही, त्यामुळे जास्तच लागलं. दिवस झाले, माणसं येऊन गेली, आणि मी थँक यू कार्डं लिहिता लिहिता फक्त त्या पाण्याच्या खोलीचा विचार करत होते. मी घेतलेली जबाबदारी त्यांना भोवली तर नाही?

तेराव्यानंतर भाऊजींची गाडी आणायला मीनल आणि मी क्लबवर गेलो. गोळ्यांची डबी शर्टाच्या खिशात होती, ते हॉस्पिटलच्या पिशवीत आधीच पाहिलं होतं. मीनलनं फळ्यावर बोट ठेवलं. "मावशी, लुक. इलेव्हन. इट्स बॅक होम." भाऊजींचा अकरा नंबरचा बिल्ला आपल्या जागी होता. त्यांचे मांडीपर्यंतचे रबरी बूट वॉल्टरनं तसेच ठेवले होते. वाळलेल्या चिखलाची रेघ पोटरीवर, गुडघ्याच्या चांगली वीतभर खाली. मी दोनदा पाहिलं. मग वॉल्टरनं नोंदवही उघडली. वर आल्याची वेळ : तीन चाळीस. ट्राउट एक, सोडला. आणि शेऱ्याच्या रकान्यात मराठीत एक ओळ. "हे काय लिहिलंय, आम्हाला कोणालाच वाचता येईना," वॉल्टर म्हणाला. मी वही जवळ ओढून वाचलं. लिहिलं होतं, 'सुमतीला दाखवायला हवा होता.'

परतीच्या वाटेवर मीनल भाऊजींची गाडी घेऊन पुढे होती. मागे माझ्या गाडीत मी कित्येक दिवसांनी रेडिओ लावला.

ती ओळ मी कागदावर उतरवून आणली होती. ताईनं वाचली. चिखलाच्या रेघेचं, बिल्ल्याचं, वेळेचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाली, "सगळं ऐकलं की तुझं. माझं मेलं कधी एक ऐकलं नाही." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मीनल वरून धावत आली. जरा वेळानं ताईनं विचारलं, "तिथं बसायला जागा आहे का गं? धड बाक वगैरे?"

आहे म्हटलं. आता थंडी पडली, वॉल्टर म्हणाला मे महिन्यात या. ताईच्या पायाचे, सहा नंबरचे रबरी बूट मी आणून ठेवलेत, लेबल अजून कापलेलं नाही. फ्रिजवरची यादी काढली नाही. सगळ्या अटींपुढे खुणा आहेत. खाली मी एक ओळ वाढवली आहे, 'ताईला नदी दाखवणे', आणि तिच्यापुढची जागा रिकामी आहे.