नावं कुठे राहतात

गावात आजार कळू नये म्हणून सेनगावची माणसं मुद्दाम हिंगोलीतल्या आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला येतात. तपासण्यांचे आलेख मिळावेत म्हणून मी लॅबच्या डॉक्टरांना न विचारता पेशंटची सगळी यादी, नावांसकट, बाहेरच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडली. आठवडाभर अपराधी वाटत राहिलं; पेशंटचं नाव विचारताना अडखळायचो. शेवटी कंपनीला फोन केला.

"दादा, यादी तुमच्याच क्लाउड खात्यात आहे," तिथली बाई म्हणाली. "आमचं सॉफ्टवेअर तिथंच मोजणी करतं. आमच्याकडे फक्त आलेखांची मांडणी राहते."

"म्हणजे नावं तुमच्याकडं आली न्हाईत?"

"एकही नाही."

मग डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"आधी काहून न्हाई इचारलं?" ते चिडले. "नावाचा रकाना काढा पहिले."

त्यांच्यासमोरच काढला. बाहेर सेनगावच्या एक बाई थांबल्या होत्या. त्यांचं नाव विचारताना माझा आवाज अडखळला नाही.