एका खिळ्याने कमी

काकांची महिन्याची साठ खोकी मी अर्जात 'दररोज'च्या रकान्यात लिहिली. घरात कॉमर्स शिकलेला मी एकटाच, त्यामुळे फॉर्म भरण्याचं खातं माझ्याकडे. दोन्ही रकाने शेजारी होते आणि माझं अर्धं लक्ष वाटीतल्या शेंगदाण्यांत होतं.

काका फळांची लाकडी खोकी बनवतात. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, कामगार म्हणजे ते स्वतः. खोकं हलवून बघा, खुट्ट आवाज आला तर पैसे परत. पण गिऱ्हाईक प्लॅस्टिककडे वळलं होतं. अर्ज होता उद्योग खात्यामार्फत गावाबाहेर येणाऱ्या परदेशी रसकंपनीची ऑर्डर मिळवण्यासाठी. ती मिळाली नसती, तर काकांना शेड बंद करून मेहुण्याच्या दुकानात पोती उचलावी लागली असती.

"माझाच भाऊ आहे, खाणार नाही तुम्हाला," काकू म्हणाली.

"खाणार नाही गं. चघळेल."

महिन्याभराने उद्योग खात्याचे साहेब पाहणीला आले. शेडमध्ये एकटे काका बघून विचारतात, "बाकीचे जेवायला गेलेत?"

"मी इथेच खातो," काका म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. माझ्या रकान्यामुळे आमच्या भागातला खोकी-उद्योग तीस पटीने वाढला होता, आणि ती वाढ परदेशी पाहुण्यांना भाषणात ऐकवूनही झाली होती.

"चूक माझी, साहेब. दुरुस्त करतो."

"खबरदार! झालेली वाढ कमी केली तर वर काय सांगू?"

तोडगा कंपनीनेच काढला. स्थानिक माल घेतला तरच तिला करात सवलत होती. म्हणून खोकी परदेशातून बोटीने येणार, तयार, फक्त एका खिळ्याने कमी. तो खिळा काकांनी ठोकला की खोकं स्थानिक.

"खिळा तरी आपला ना?" काकूने विचारलं.

"तोही त्यांच्याच पुडक्यातला. हातोडी आपली."

पहिल्या दिवशी काकांनी सवयीने खोकं हलवलं. खुळखुळाच! त्यांनी सगळे सांधे उकलून पुन्हा बसवले. संध्याकाळपर्यंत चार खोकी झाली. साहेब धावत आले. "काका, एक खिळा म्हणजे एकच. मजबुती करारात नाही." काका मेहुण्याच्या दुकानाच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले. मग हातोडी उचलली. आता दिवसाला साठ होतात. खोकी हलवून बघणं त्यांनी सोडलंय.

कंपनीच्या उद्घाटनाच्या फोटोसाठी शेजारच्या शिंपीणबाईंनी काकांना शर्ट शिवून दिला होता. शिलाई नको म्हणाल्या, मशीनपुढे बसायला स्टूल द्या. काकांनी माप घेतलं आणि लाकडासाठी मला वखारीत पाठवलं. वखारीला कुलूप! काका हे तिचं शेवटचं गिऱ्हाईक होतं म्हणे.

"कंपनीच्या एखाद्या खोक्याच्या फळ्यांचं करा की," मी म्हणालो.

"बाई पडतील," काका म्हणाले.

शर्ट दोनदा धुऊन झाला. शिंपीणबाई अजून तेलाच्या पालथ्या डब्यावर बसून शिवतात.