नवसागराचा धूर

"कल्हईवाल्याला कोणी बोलावलं? भांडी नंतर देऊ म्हणावं," चर्चासत्र भरवणारे सर ध्वनिक्षेपकावरूनच म्हणाले. सभागृह हसलं. मीही हसले.

दारात खांद्याला भाता लटकवून माझे वडील उभे होते. त्यांनी काळी बोटं सदऱ्याखाली घेतली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

वडनेरहून मीच त्यांना बोलावलं होतं. वर्ध्याच्या एका महाविद्यालयात साहित्याचं चर्चासत्र होतं आणि मी रसायनशास्त्राची असूनही माझा निबंध निवडला गेला होता. विषय, जुन्या अमेरिकन कथा-कादंबऱ्यांतली किमया. भट्टी, पारा, गंधक, नवसागर. धातू पालटण्याच्या तीन अवस्था, आधी काळं, मग पांढरं, शेवटी लाल. शिशाचं सोनं करण्याची ही भाषा तिथले लेखक माणसाचा आत्मा पालटताना वापरतात, असं मी मांडलं.

वाचन संपलं. सरांनी विचारलं, "नवसागराच्या धुराचं इतकं जिवंत वर्णन कुठून आणलंत?"

खरं तर वडिलांच्या भट्टीवरून. तापल्या पातेल्यात ते नवसागराची चिमूट टाकत, पांढरा धूर उठे, मग चिंधीने कथील फिरवत. बारावीपर्यंत भाता मीच ओढला.

"प्रयोगशाळेतून," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत वडिलांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "तू हासली ते बरं झालं, माय. नाई तं तू माही पोरगी हायेस हे त्याईले समजलं असतं."

क्षमा मागायला तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं. "बाबा, कल्हई लवकर काऊन उडते?"

"भांडं आतून घासलं नाई तं कथील धरत नाई. वरून चकाकते. आठ दिसात उडते."

निबंधातली चूक मला तिथे सापडली. काळ्या अवस्थेला मी 'जाळून टाकायची घाण' म्हटलं होतं. त्या कथांत जो किमयागार काळं टाळून थेट सोन्याकडे धावतो, त्याच्या हाती राखच येते. मी तेच केलं होतं. माझी घोटीव प्रमाण मराठी, ते हसू, 'प्रयोगशाळेतून' हे उत्तर. पालटलं काहीच नव्हतं. वरून कथील.

निबंध चर्चासत्राच्या संग्रहात छापायचा ठरला, तेव्हा मी एक तळटीप जोडली. नवसागराची माहिती माझ्या वडिलांकडून, ते कल्हईवाले आहेत. खाली त्यांचं पूर्ण नाव.

सरांचा फोन आला. "ती तळटीप काढा. एखाद्या ग्रंथाचा संदर्भ द्या."

"संदर्भ हाच आहे, सर. तळटीप काढायची असेल तर निबंधही काढा."

त्यांनी निबंध काढला.

त्या दिवशीच्या हसण्याची लाज अजून जात नाही. ती घालवण्याचा प्रयत्नही मी करत नाही. पुढच्या प्रत्येक व्यासपीठावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. मी कल्हईवाल्याची पोरगी. ज्याले हासाचं असन त्यानं हासावं. मी हासणार नाई.